‘मिल बंद पडली’ : कामाबाहेर असण्याची मराठी परिभाषा आणि नागपूर

प्रस्तावना

बेकारीचा इतिहास बहुधा आकड्यांतून लिहिला जातो. किती हातांना काम नव्हते, कोणत्या दशकात त्यांची संख्या वाढली आणि शासनाने त्यावर कोणत्या योजना आखल्या, या क्रमाने अभ्यासक विषयाची मांडणी करतात. परंतु कोणाला मोजायचे हे ठरविण्यापूर्वी त्याला काय म्हणायचे हे ठरलेले असते, याकडे तितकेसे लक्ष दिले जात नाही. मराठीत कामाबाहेर असलेल्या माणसासाठी एक शब्द नाही. रिकामा, निरुद्योगी, बेकार, बेरोजगार, उमेदवार, बदली, अतिरिक्त, बंद मिलचा कामगार, पात्रताधारक असे अनेक शब्द आहेत आणि त्यांतील प्रत्येक शब्द त्या माणसाला निराळ्या दारापुढे उभा करतो. एका शब्दाने त्याला भत्ता मिळतो, दुसऱ्याने नुकसानभरपाई, तिसऱ्याने केवळ उपदेश. प्रस्तुत निबंधात या शब्दांचा ऐतिहासिक मागोवा नागपूर शहराच्या संदर्भात घेण्याचा प्रयत्न केला आहे. नागपूर निवडण्याचे कारण असे की मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी, कापडगिरण्यांचे केंद्र, मराठी व हिंदी या दोन भाषांचे संगमस्थान आणि आजचे शैक्षणिक केंद्र अशा चारही नात्यांनी या शहरात कामाबाहेर असण्याचे निरनिराळे प्रकार आणि त्यांचे शब्द एकत्र आलेले दिसतात.

शब्दांची कुळे

‘रिकामा’ हा यांतील सर्वांत घरगुती शब्द. भांडे रिकामे असते, खोली रिकामी असते, तसा माणूसही रिकामा असतो. या शब्दात मुळात निंदा नाही. ‘आज दुपारी रिकामा आहे’ असे म्हणणारा मनुष्य सवड सांगत असतो. निंदा सुरू होते ती ‘रिकामटेकडा’ या जोडशब्दात. ‘रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी’ या म्हणीकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. म्हणीतला न्हावी आळशी नाही. त्याच्याकडे कसब आहे, हत्यार आहे, हात शिवशिवत आहेत. फक्त गिऱ्हाईक नाही. बलुतेदारीच्या व्यवस्थेत त्याचे गावाशी असलेले नाते या मोकळ्या दुपारीही तुटत नव्हते. काम नसले तरी तो न्हावीच राहत असे आणि सुगीच्या वेळी त्याचे बलुते त्याला मिळत असे. काम गेले म्हणून ओळख गेली, असा अनुभव त्या व्यवस्थेत विरळा होता. त्या व्यवस्थेची जातिबद्ध क्रूरता येथे झाकायची नाही. कामाची आणि माणसाची गाठ जन्माने बांधलेली होती, म्हणूनच ती सुटत नव्हती.

एकोणिसाव्या शतकात ‘उद्योग’ आणि ‘निरुद्योगी’ हे संस्कृत शब्द सुधारकी गद्यात पुढे आले. १८४८ पासून ‘प्रभाकर’ पत्रात प्रसिद्ध झालेल्या लोकहितवादींच्या शतपत्रांत उच्चवर्णीयांच्या निरुद्योगीपणावर कठोर टीका आहे. येथे उद्योग म्हणजे परिश्रम, खटपट, हा एक गुण आहे. साहजिकच निरुद्योगी असणे हा दुर्गुण ठरतो. याच्या उलट टोकाला महात्मा फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) आहे. विलायती मालामुळे कोष्टी, साळी यांसारख्या कारागिरांचा धंदा बुडाल्याची मीमांसा तेथे येते. एकाच शतकातील या दोन भूमिकांत बेकारीविषयीचा पुढील सगळा वाद बीजरूपाने सापडतो. काम नाही ते माणसात काही उणे आहे म्हणून, की त्याच्याकडून कोणी काही हिरावून घेतले म्हणून? पुढे ‘उद्योग’ हाच शब्द कारखानदारीलाही लागू झाला, तेव्हा निरुद्योगीपणा माणसाप्रमाणे प्रदेशालाही चिकटू लागला. राज्याच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत गडचिरोलीची गणना उद्योगविरहित जिल्ह्यात होत आली आहे. पहाटे उठून तेंदूपाने तोडणाऱ्या माणसांच्या जिल्ह्याला हे विशेषण लागते, ही भाषेची गंमत म्हणून सोडून देण्याजोगी गोष्ट नाही.

‘बेकार’ हा शब्द फारसीतून आला. ‘कार’ म्हणजे काम. ज्याला काम नाही तो बेकार. फारसीत त्याचा अर्थ मुख्यतः एवढाच आहे. भारतीय भाषांत आल्यावर मात्र तो घसरला आणि ज्याचा काही उपयोग नाही तेही बेकार ठरले. भाजी बेकार होते, रस्ता बेकार असतो, चित्रपट बेकार निघतो. नागपुरात तर वैशाखात ‘बेक्कार ऊन’ पडते आणि तेथे शब्दाचा कामाशी असलेला उरलासुरला संबंधही संपतो. एकाच शब्दात ‘काम नसलेला’ आणि ‘कामाचा नसलेला’ हे दोन्ही अर्थ नांदू लागले की पहिल्यावर दुसऱ्याची सावली पडते. ‘मुलगा बेकार आहे’ या वाक्याचा अर्थ ऐकणाऱ्याच्या मनात क्षणभर दोन्हीकडे झुलतो आणि बोलणाऱ्यालाही अनेकदा तो तसाच झुलता हवा असतो.

‘रोजगार’ या शब्दाचा प्रवास याहून रंजक आहे. फारसीत ‘रोजगार’ म्हणजे काळ, दिवस, जमाना. आपल्याकडे येताना त्याने उपजीविकेचा अर्थ घेतला. त्यातील ‘रोज’ म्हणजे दिवस आणि मजुराच्या तोंडी ‘रोज’ म्हणजे दिवसाची मजुरी. विदर्भातील शेतमजूर काम मिळाले नाही तर स्वतःला बेकार म्हणत नाही. ‘आजचा रोज बुडाला’ असे म्हणतो. या प्रयोगात बुडाला तो दिवस. माणूस जसाच्या तसा आहे. उद्याचा रोज वेगळा. बेकार हे विशेषण माणसाला लागते, बुडणे हे क्रियापद दिवसाला. हा भेद पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

आणखी एक शब्द येथे नोंदविला पाहिजे. इंग्रजी अमदानीच्या कचेऱ्यांत नोकरीच्या आशेने बिनपगारी कामे करीत थांबणाऱ्या तरुणाला ‘उमेदवार’ म्हणत. उमेद म्हणजे आशा. उमेदवार म्हणजे आशा धरून असणारा. जागा रिकामी होईपर्यंत नकला करणे, दप्तरे लावणे, साहेबाच्या नजरेत राहणे हे त्याचे काम. तो नोकर नव्हता आणि रिकामाही नव्हता. कामाबाहेर असण्याला आशेचे नाव देणारा हा शब्द आज निवडणुकीत आणि परीक्षेत वावरतो. त्याचा जुना अर्थ लोपला असला तरी त्या अर्थातला माणूस लोपलेला नाही, हे पुढे दिसेल.

एम्प्रेस मिल : ‘पडली’ आणि ‘घेतली’

जमशेटजी टाटा यांनी १८७४ मध्ये स्थापन केलेल्या सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात सुरू झाली. व्हिक्टोरिया राणीला भारताची सम्राज्ञी घोषित केले तो हाच दिवस. मिलचे नावही त्यावरूनच. बेझनजी दादाभाई मेहता हे तिचे व्यवस्थापक. आरंभीच्या काळात व्यवस्थापनापुढील मोठी अडचण कामगारांच्या गैरहजेरीची होती. रोजच्या हजेरीत साधारण पाचवा हिस्सा माणसे कमी भरत. शेती, सण, लग्नकार्य यांच्या तालावर जगणारा माणूस भोंग्याच्या तालावर येण्यास वेळ लागला. त्यावर केवळ दंड न करता हजेरीची बक्षिसे, पुढे निवृत्तिवेतन व भविष्यनिर्वाह निधी असे उपाय येथे योजले गेले आणि भारतीय कामगार कल्याणाच्या इतिहासात त्यांची नोंद झाली. भाषेच्या अंगाने यात एक गोष्ट घडली. कामावर न जाणे याला ‘खाडा’ हे नाव मिळाले. पूर्वी जो दिवस केवळ एक दिवस होता तो आता हजेरीपटावरील एक खड्डा झाला. कामाबाहेर असणे म्हणजे काय हे मोजण्यासाठी आधी कामाच्या आत असणे म्हणजे काय हे ठरावे लागते आणि नागपुरात ते मिलच्या हजेरीपटाने ठरविले.

शंभराहून अधिक वर्षे या मिलने आणि तिच्यानंतरच्या मॉडेल मिलने शहरातील कामगार वस्त्यांचे दिवस बांधून दिले. मुंबईकर ज्याला ‘गिरणी’ म्हणतात त्याला नागपूरकर ‘मिल’ म्हणतात, एवढा फरक सोडला तर दोन्ही शहरांतील कामगारांचे जग पुष्कळसे सारखे होते. १९७४ च्या राष्ट्रीयीकरणात मॉडेल मिल राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली. १९८६ मध्ये एम्प्रेस मिल टाटांच्या कंपनीच्या हातून सुटली. राज्य शासनाने त्यासाठी स्वतंत्र कायदा करून ती संपादन केली आणि महाराष्ट्र राज्य वस्त्रोद्योग महामंडळामार्फत चालविली. २००२ मध्ये तिचे चाक थांबले. रेल्वे स्थानकाजवळच्या त्या मोक्याच्या जागेवर पुढे एम्प्रेस नावाचाच मॉल उभा राहिला.

या घटनेचे वर्णन नागपुरात ज्या वाक्याने केले जाते ते वाक्य पाहण्यासारखे आहे : ‘मिल बंद पडली.’ पाऊस पडतो, भिंत पडते, दुष्काळ पडतो, तशी मिल बंद पडते. मराठीत ‘बंद करणे’ आणि ‘बंद पडणे’ असे दोन्ही प्रयोग उपलब्ध असताना लोकव्यवहाराने दुसरा निवडला. पहिल्या प्रयोगाला कर्ता लागतो. कोणी बंद केली हे सांगावे लागते. दुसऱ्या प्रयोगात तो प्रश्नच उद्भवत नाही. वास्तविक १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने जे पाच-ब प्रकरण आले, त्यानुसार मोठ्या कारखान्याला टाळे लावणे हे परवानगी घेऊन करावयाचे कृत्य होते. कायद्याच्या लेखी कारखाना आपोआप बंद पडत नव्हता, तो कोणी तरी बंद करीत असे. एम्प्रेस मिलच्या बाबतीत तर अखेरच्या सोळा वर्षांत मालकही शासन आणि कामगार कायद्याचा राखणदारही शासन अशी स्थिती होती. ‘पडली’ या एका क्रियापदाने ही सारी गुंतागुंत पुसली जाते. यात कोणाचा कावा होता असे म्हणण्याचे कारण नाही. मराठी क्रियापदांची ठेवणच अशी की नोकरी ‘लागते’, ‘सुटते’, ‘जाते’. पण भाषेच्या सवयीचा लाभ कोणाला झाला, हा इतिहासाचा प्रश्न आहे.

याच काळात दुसरे वाक्य रूढ झाले. सार्वजनिक क्षेत्रातील गिरण्यांत स्वेच्छानिवृत्तीची योजना आली आणि कामगार ‘व्हीआरएस घेतली’ असे सांगू लागले. येथे कर्ता एकदम प्रकट होतो आणि तो कामगार असतो. मिल पडली, निवृत्ती मात्र त्याने घेतली. चाळिशी-पन्नाशीतला, चक्राच्या आवाजाने कान बधिर झालेला जो माणूस मिलच्या दारातून बाहेर पडला, त्याच्या बाबतीत ‘स्वेच्छा’ या शब्दाचा अर्थ काय उरला होता, हे वेगळे सांगायला नको. तरीही कागदावर तो बेकार झाला नव्हता, निवृत्त झाला होता. बेकारीच्या कोणत्याही नोंदवहीत त्याचे नाव येण्याचे कारण नव्हते.

त्याने स्वतः आपल्याला काय म्हटले? मुंबईत १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपानंतर कामाला मुकलेली माणसे दशकानुदशके ‘गिरणी कामगार’च राहिली. घरांचे अर्ज, मोर्चे, वारसांचे दावे हे सारे त्याच नावाने झाले. त्या कुटुंबांच्या अवस्थेवर जयंत पवार यांनी १९९७ मध्ये लिहिलेल्या नाटकाचे ‘अधांतर’ हे नाव म्हणजे कामाबाहेर असण्यासाठी मराठीला मिळालेला एक नेमका शब्दच होय. नागपुरातही ‘बंद मिलचा कामगार’ हीच ओळख टिकली. भूतकाळात गेलेल्या कामाचे नाव वर्तमानात धरून ठेवण्याला काही जण भाबडेपणा म्हणतील. तसे म्हणणे उथळ होईल. बेकाराला देणी मागता येत नाहीत, कामगाराला येतात. ‘माजी’ हा उपसर्ग स्वीकारला की थकबाकीचा तगादाही माजी होतो.

हजेरीपटावरचे नाव

कायद्याने कामाबाहेर असण्याचे जे प्रकार मानले त्यांतही अशीच उतरंड होती. १९५३ च्या दुरुस्तीने औद्योगिक विवाद कायद्यात ‘ले-ऑफ’ची नुकसानभरपाई आली. कोळसा, वीज वा कच्चा माल नाही, यंत्र बिघडले, माल साचला अशा कारणाने मालक काम देऊ शकला नाही तर कामगाराला मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या निम्मी रक्कम मिळावी, अशी ती तरतूद होती. मराठीत हिला कोणी ‘कामबंदी’ म्हटले. कामगारांनी मात्र ‘ले-ऑफ’ हाच शब्द आपलासा केला. मराठी प्रतिशब्दाला पैसे जोडलेले नव्हते, इंग्रजी शब्दाला होते, हे त्याचे सरळ कारण असावे.

परंतु या भरपाईची अट हजेरीपटावर नाव असण्याची होती आणि ‘बदली’ कामगाराला ती लागू नव्हती. बदली हा मिलच्या दाराशी सकाळी उभा राहणारा माणूस. कोणी खाडा केला तर त्याच्या जागी याला आत घेतले जाई. नाही तर तो परत जाई. सलग सेवेचे एक वर्ष भरले तर कायदा त्याला बदली मानीत नसे. ते वर्ष भरू न देण्याची व्यवस्था ठिकठिकाणी होती आणि तिला ‘ब्रेक देणे’ असे सभ्य नाव होते. एकाच सकाळी एकाच दारातून परतलेल्या दोन माणसांपैकी एकाला अर्धा पगार आणि दुसऱ्याला काहीच नाही. अंतर फक्त एका शब्दाचे. नोव्हेंबर २०२५ मध्ये औद्योगिक संबंध संहिता लागू होऊन १९४७ चा कायदा मागे पडला. बंद करण्यासाठी पूर्वपरवानगीची अट पूर्वी शंभर कामगारांच्या कारखान्यालाही होती, ती आता तीनशेंपासून पुढे आहे. त्यामुळे परवानगीवाचून ‘बंद पडू’ शकणाऱ्या कारखान्यांचे वर्तुळ पुष्कळच रुंदावले आहे.

सुशिक्षित बेकार

मिलच्या दाराबाहेरील माणसाला बेकार हा शब्द लागला नाही. तो लागला पदवीधराला. १९३४ मध्ये संयुक्त प्रांतात नेमलेल्या सप्रू समितीचा विषय मुख्यतः शिकलेल्यांची बेकारी हाच होता आणि मराठीतही ‘सुशिक्षित बेकार’ हा जोडशब्द स्थिरावला. या शब्दप्रयोगात एक गृहीतक लपलेले आहे. सुशिक्षिताची बेकारी आश्चर्यकारक, म्हणून तिला विशेषण हवे. अशिक्षिताची बेकारी स्वाभाविक, म्हणून तिला स्वतंत्र नावाची गरज नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यातून परतणाऱ्यांसाठी १९४५ मध्ये सेवायोजन कार्यालयांची उभारणी सुरू झाली. त्या वेळी केंद्रात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. नागपूरकरांच्या स्मरणात हे असावे की जुलै १९४२ मध्ये याच शहरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली आणि त्याच महिन्यात बाबासाहेबांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्रिपद स्वीकारले. रिक्त जागा नोंदवून तेथे नाव पाठविणारे सार्वजनिक कार्यालय असणे ही ओळखीपाळखी नसलेल्या, वशिला नसलेल्या तरुणाच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हती. १९५९ च्या कायद्याने रिक्त जागा कळविणे सक्तीचे झाले. ‘एम्प्लॉयमेंटला नाव आहे’, ‘कार्डाचे नूतनीकरण केले’, ‘कॉल आला नाही’ ही वाक्ये एका संपूर्ण पिढीच्या तारुण्याची वाक्ये आहेत. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवड केवळ या कार्यालयाकडून आलेल्या नावांपुरती मर्यादित ठेवू नये, जाहिरातही द्यावी, असा निर्णय दिला. सर्वांना संधी देणारा तो निर्णय होता. पण त्यानंतर रांगेतील क्रमांकाला अर्थ उरला नाही.

या कार्यालयाच्या पाट्या वाचल्या तरी धोरणाचा इतिहास कळतो. प्रथम ‘सेवायोजन कार्यालय’. म्हणजे योजना करणारे कोणी तरी होते. नंतर ‘रोजगार व स्वयंरोजगार मार्गदर्शन केंद्र’. आता केवळ मार्गदर्शन. अलीकडे ‘कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र’. रोजगार मधोमध दाटीवाटीने उभा आणि त्याच्या आधी कौशल्य. काम नाही याचे उत्तर आता माणसाच्या कौशल्यात शोधावयाचे आहे. लोकहितवादींच्या ‘निरुद्योगी’पासून निघालेली वाट फिरून तेथेच आली, असे म्हटले तर फारसे अतिशयोक्त होणार नाही.

याच सुमारास शासकीय भाषेत ‘बेकार’ची जागा ‘बेरोजगार’ने घेतली. १९९३ च्या पंतप्रधान रोजगार योजनेचे लाभार्थी ‘सुशिक्षित बेरोजगार’ होते आणि राज्यात बेरोजगारांच्या सेवा सहकारी संस्थाही निघाल्या. ‘बेकार’मधील निरुपयोगीपणाची छटा टाळण्याचा हेतू यामागे असावा; नागपुरात हिंदीच्या शेजारामुळे हा शब्द अधिक लवकर रुळला, असेही म्हणता येईल. शब्द बदलल्याने अपमान थोडा कमी झाला, हे मान्य केले पाहिजे. सहकारी संस्थेच्या लेटरहेडवर ‘बेरोजगार’ असे अभिमानाने छापता येते, ‘बेकार’ असे छापवत नाही.

दिवस मोजणारे आणि माणसे मोजणारे

महाराष्ट्राने या क्षेत्रात देशाला जी देणगी दिली तिच्या नावात ‘बेकार’ शब्द नाही, हे योगायोगाने घडलेले नसावे. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात मोठ्या प्रमाणावर राबविली गेली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. ग्रामीण भागातील प्रौढ व्यक्तीने अंगमेहनतीचे काम मागावे आणि पंधरा दिवसांत ते न मिळाल्यास बेकारी भत्ता मिळावा, हा हक्क त्याने दिला. येथे काम नसणे हा दोष नाही, शासनाकडील येणे आहे. २००५ च्या केंद्रीय कायद्याची प्रेरणा हीच. या योजनेसाठी १९७५ पासून जो व्यवसाय कर वसूल होत आला, तो प्राध्यापकवर्गाच्या वेतनचिठ्ठीत दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये असा दिसतो. तो कशासाठी कापला जातो हे स्टाफरूममध्ये विचारले तर अचूक उत्तर देणारे थोडेच सापडतील. मात्र हमी ग्रामीण भागापुरती होती; बंद मिलचा कामगार शहरात राहत असल्याने तिच्या कक्षेबाहेर राहिला.

मोजणीच्या शास्त्रालाही शब्दांनी अडविले होते. भारतासारख्या देशात वर्षभर पूर्ण बेकार राहणे गरिबाला परवडत नाही; तो काही ना काही करतोच. त्यामुळे ‘तुम्ही बेकार आहात काय?’ या प्रश्नाला तो ‘नाही’ म्हणतो आणि पाहणीत रोजगारी ठरतो. दांतवाला समितीने १९७० मध्ये ही अडचण दाखवून दिली आणि १९७२-७३ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीपासून नेहमीच्या स्थितीबरोबर आठवड्याची व दैनंदिन स्थितीही मोजली जाऊ लागली. दैनंदिन स्थितीत एकक आहे दिवस, तोही अर्ध्या दिवसापर्यंत. ‘रोज बुडाला’ म्हणणाऱ्या शेतमजुराला जे ठाऊक होते तेथपर्यंत संख्याशास्त्र त्या वर्षी पोहोचले.

नागपुरात बांधकाम मजूर सकाळी ज्या चौकात जमतात त्याला ‘ठिय्या’ म्हणतात. मुंबईत त्याला नाका म्हणतात. ठिय्या म्हणजे बैठक मारून बसणे आणि याच शब्दाने आंदोलनाचाही बोध होतो. दहा वाजेपर्यंत कोणी नेले नाही की ठिय्या उठतो. त्या माणसाला विचारले तर तो ‘आज काम नाही लागलं’ असे सांगेल. बेकार हा शब्द तो घरी बसलेल्या आपल्या पदवीधर मुलासाठी राखून ठेवतो.

‘घरी बसणे’ या प्रयोगाचा उल्लेख येथे ओघाने आला. पुरुष घरी ‘बसतो’, स्त्री घरी ‘असते’. पुरुषाच्या बाबतीत घर हे कामाच्या अभावाचे ठिकाण, स्त्रीच्या बाबतीत तिचे स्वाभाविक स्थान, असा भेद या दोन क्रियापदांनी केला आहे. म्हणून मिल बंद झाल्यावर ज्या घरांत बायकांनी धुण्याभांड्यांची कामे धरली, तेथेही ‘घरचा माणूस बसला’ एवढीच गोष्ट सांगितली गेली. तिने पुढे ती कामे सोडली असतील तर ती बेकार झाली असे कोणी म्हटले नाही. ती पुन्हा घरी असू लागली, इतकेच.

मार्च २०२० मध्ये एका जुन्या शब्दाचा अर्थ अचानक पालटला. ‘टाळेबंदी’ हा कामगार चळवळीच्या कोशातला शब्द. कामगार करतो तो संप, मालक करतो ती टाळेबंदी. हा अर्थ तीन पिढ्यांच्या अंगवळणी पडलेला. मराठी वृत्तपत्रांनी ‘लॉकडाऊन’साठी तोच शब्द वापरला. महामार्गांनी नागपूर ओलांडून छत्तीसगड, मध्य प्रदेशाकडे पायी निघालेल्या मजुरांवर जे कोसळले त्याला टाळेबंदी म्हणताना कोणत्याही मालकाचा निर्देश होत नव्हता. ज्या शब्दात कर्ता ठामपणे उभा होता, तोही शब्द निर्कर्तृक झाला.

तासिका

आता या शब्दांच्या साखळीतील अगदी जवळची कडी. विद्यापीठीय शहर म्हणून नागपुरात ‘पात्रताधारक’ आणि ‘तासिका तत्त्वावरील’ हे दोन शब्द गेल्या काही दशकांत जितके बोलले गेले तितके क्वचितच दुसरे कोणते. पात्रताधारक म्हणजे नेट, सेट वा पीएच.डी. झालेला आणि पद नसलेला. शब्द सांगतो ते त्याच्याजवळ काय आहे. जे नाही ते न सांगता कळते. कचेरीतला तो जुना उमेदवार येथे पदव्यांसह परत आला आहे. तासिका तत्त्वावरील अध्यापकाला वेतन नसते, मानधन असते. या शब्दात मान आधी आणि धन नंतर येते.

हा माणूस कामात आहे की कामाबाहेर? नियतकालिक श्रमशक्ती पाहणीच्या साप्ताहिक स्थितीनुसार पाहणीपूर्वीच्या सात दिवसांत कोणत्याही एका दिवशी किमान एक तास काम केलेली व्यक्ती रोजगारी ठरते. म्हणजे आठवड्यातून एक तासिका पुरेशी आहे. उन्हाळी सुटीत ती एकही नसते. तेव्हा तो रजेवर नसतो, कारण रजा पदाला असते. त्याला ले-ऑफही नव्हता. अध्यापक हा औद्योगिक विवाद कायद्याच्या व्याख्येतील कामगार नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात १९८८ मध्येच ठरविले होते. त्याला कमी केलेले नसते, काढलेले नसते, त्याने काही घेतलेलेही नसते. सत्र संपते आणि त्याबरोबर तो संपतो. जून-जुलैत पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. या अवस्थेला कायद्यात नाव नाही, पाहणीच्या तक्त्यात रकाना नाही. स्टाफरूममध्ये तिच्यासाठी जे वाक्य वापरले जाते तेही कर्त्याशिवायचे आहे : ‘ऑर्डर अजून निघाली नाही.’